मिस्त्री खोलतात, वहिनी बांधतात

माझं शिवणकामाचं दुकान इतकं अरुंद आहे की चादर पसरून कापायची झाली तर तिचं एक टोक रस्त्यावर जातं. शेजारचा गाळा मात्र चांगला ऐसपैस, उजेडाचा. तिथे मोटारसायकलींचं गॅरेज आहे आणि त्या गाळ्यावर माझा फार वर्षांपासून डोळा आहे. हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी मला मोठ्या मनाची बाई वगैरे म्हणायला नको.

गॅरेज मिस्त्रींचं, पण जाणकार गिऱ्हाईक दारातून आधी विचारतं, "वहिनी आहेत का?" वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको. ती अख्ख्या रस्त्याची वहिनी आहे. मीही तिला वहिनीच म्हणते, आणि त्या नात्याने मिस्त्री माझे भाऊ झाले. ती मला ताई म्हणते. खोडी काढायची असली की 'वन्सं'. अंगाने बारीक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, अंगात मिस्त्रींचा जुना शर्ट, आणि जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार. गाडीवाला कितीही मोठा असो, "गाडी आहे की गाढव? किती लादता तिच्यावर," हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नाही.

या नवरा-बायकोची कामाची वाटणी अशी आहे की तशी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मिस्त्री खोलतात, वहिनी बांधतात. मिस्त्रींनी बांधायचं नाही आणि वहिनीने खोलायचं नाही.

मिस्त्रींना खोलण्याचं वेड. इंजिनाला कान लावायचा, मालकाला एकदोन प्रश्न विचारायचे आणि लगेच पाना हातात. बिघाड सापडला की माणूस लहान मुलासारखा खूश होतो, ज्याला त्याला बोलावून दाखवतो, आणि तिथेच त्याचा रस संपतो. परत बांधणं म्हणजे त्यांना जेवण झाल्यावर भांडी घासण्यासारखं वाटतं. लग्नाआधी त्यांच्याकडे पत्र्याचा एक डबा होता. गाडी बांधून झाल्यावर जे नटबोल्ट उरतील ते त्या डब्यात जायचे. "कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात," असं ते गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचे. गाड्या चालायच्याही, खडखडत का होईना.

वहिनी लग्न होऊन आली आणि एक दिवस दुपारचा डबा घेऊन गॅरेजमध्ये गेली. समोर कुणाचं तरी इंजिन आतडी बाहेर काढून पडलेलं. आता वहिनीचा स्वभाव असा की तिला उघडं काही बघवत नाही. बरणीचं झाकण, कपाटाचं दार, कुणाचं अर्धवट राहिलेलं वाक्यसुद्धा ती पुरं करून टाकते. तिने विचारलं, "हे कधी लावणार?" मिस्त्री म्हणाले, "बघू." त्या 'बघू'चा तिला असा काही राग आला की जेवण बाजूला ठेवून ती खाली बसली. यानंतर काय, यानंतर काय, असं विचारत विचारत तिने ते इंजिन बांधलं. डब्यात टाकायला काही उरलं नाही आणि गाडीचा खडखडाट बंद झाला. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, पण मनातून त्यांची सुटका झाली होती. तेव्हापासून ही वाटणी.

पुढे ते 'यानंतर काय' विचारणंही बंद झालं. माझ्याकडच्या उरलेल्या पांढऱ्या कापडाचा तुकडा मी त्यांना देते. मिस्त्री तो बाकावर पसरतात. पहिला निघालेला भाग डाव्या टोकाला, मग त्याच्या शेजारी दुसरा, असं करत शेवटचा उजव्या टोकाला. मग ते चहाला जातात. वहिनी स्टूल ओढून बसते आणि उजव्या टोकापासून एकेक उचलत बांधायला घेते. चेहऱ्याकडे बघायचं नाही, विचारायचं नाही. घरात दोघांचं वाजलं असलं आणि अबोला असला तरी फडक्यावरचा कारभार बिनबोभाट चालतो. माझं मशीन दाराशी आहे आणि मान जरा वळवली की त्यांचा बाक दिसतो. त्यामुळे हे सगळं मी शिवता शिवता वर्षानुवर्षं बघत आले आहे.

मग मिस्त्री पडले. आयुष्यभर मोटारसायकली पळवलेला माणूस, पडला कुठून, तर घरातला बल्ब बदलताना स्टुलावरून. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हाताने जेवाल, सही कराल, पण पाना पिळायची ताकद आता यायची नाही.  दोनचार दिवसांनी मिस्त्री सकाळीच माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"ताई, गाळा तुम्ही घेऊन टाका."

"असं काय करता भाऊ?"

"खोलणाराच गेला, तर बांधणारी काय बांधणार? महिनाअखेर सामान काढतो. दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा तुम्हाला दिला. शब्द समजा माझा."

मी तोंडाने "अहो, बरं वाटेल तुम्हाला, घाई कशाला करता" वगैरे म्हटलं. ते गेल्यावर मात्र फूटपट्टी घेऊन त्या गाळ्यात काय काय करता येईल याचा हिशोब मांडला. खोटं कशाला बोलू? कापायचं टेबल कुठे ठेवायचं, तेही ठरवून टाकलं. वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकदम होत असल्यामुळे त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मी कॉलर उलटी लावली.

वहिनीचा नेम मात्र चुकला नाही. रोज सकाळी येऊन शटर वर करायची, पाने पुसायची, फडकी धुऊन वाळत घालायची आणि रिकाम्या बाकासमोर बसायची. मिस्त्री घरातून आले की तेही बसायचे. दोघं असे बसलेले मला बघवायचं नाही.

एके दिवशी बेकरीवाला आला. हा आमच्या रस्त्याच्या टोकाचा. पिंपासारखं पोट, मिशांवर कायम पीठ. त्याच्याकडे तरुणपणी घेतलेली एक जुनी शर्यतीची मोटारसायकल आहे, आणि दरवर्षी टेकडीच्या घाटात जुन्या गाड्यांची शर्यत होते तिच्यात तो भाग घेतो. शेवटून पहिला यायचा त्याचा मान आजवर कुणी हिरावून घेतलेला नाही. पण त्याआधी गाडी वहिनींच्या हाताखालून गेलीच पाहिजे, असा त्याचा हट्ट.

"वहिनी, यंदाही पॉवर व्हॉल्व्ह साफ करून द्या. चढाला लागली की हुंदके देते बिचारी."

हा पॉवर व्हॉल्व्ह काय असतो ते मला वहिनीनेच एकदा समजावलं होतं. टू-स्ट्रोक इंजिनाला धूर बाहेर जायला एक खिडकी असते. गाडी हळू चालते तेव्हा ती खिडकी अर्धी झाकलेली बरी; वेगात आली की सताड उघडी हवी. हे झाकायचं आणि उघडायचं काम एक धातूचं पातं करतं. बिस्किटाएवढं असेल. त्याच्यामागे दांडी, रबर, स्प्रिंग आणि वर झाकण, एवढाच तो संसार. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी पात्यावर चढते आणि पातं जागच्या जागी चिकटून बसतं. मग ते काढायचं, घासायचं आणि परत बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पात्याचं आतलं टोक वरखाली धावणाऱ्या पिस्टनच्या इतकं जवळ असतं की मधे माझी सुई कशीबशी मावेल. पातं नीट बसलं तर ते अंतर राहतं. चुकीचं बसलं आणि गाडी सुरू केली, तर पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि इंजिनाची वाट लागते.

मिस्त्री बेकरीवाल्याला काही सांगणार एवढ्यात वहिनी म्हणाली, "ठेवा गाडी. शनिवारी दुपारी न्या."

बेकरीवाला खूश होऊन गेला. मिस्त्री बायकोकडे वळले. "आणि खोलणार कोण?"

"मी."

"तू आजपर्यंत एक बोल्ट सोडवलेला नाहीस."

"घट्ट करता येतो, तर सैल नाही का करता येणार? उलटा तर फिरवायचा."

"एवढं सोपं असतं तर…"

"तर तुम्ही एवढा भाव खाल्ला नसता," वहिनीने वाक्य पुरं केलं.

मिस्त्रींना हसू आलं, पण ते दाबून ते म्हणाले, "ठीक आहे. ही गाडी जमली तर गॅरेज ठेवू. नाही जमली तर महिनाअखेर गाळा ताईंना. मग मागे वळून बघायचं नाही."

"नाही बघणार," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही शनिवारी इथे येऊन बसायचं. हे मधे मधे बोलायला लागले की मला कुणीतरी आवरायला हवं."

म्हणजे बघा माझी गंमत. जमलं तर माझा गाळा जाणार, आणि जमावं म्हणून सोबतीला बसायचं तेही मीच.

शनिवारी सकाळी मी एका कोटाचं अस्तर घेऊन गॅरेजमध्ये जाऊन बसले. मिस्त्री कोपऱ्यातल्या खुर्चीत. वहिनीने फडकं पसरलं, चष्मा चढवला आणि गाडीपुढे उकिडवी बसली. सायलेन्सर निघाला. मग झाकणाचा पहिला बोल्ट. तो काही केल्या हलेना. वहिनी लाल झाली, पण बोल्ट जागचा ढिम्म.

"आधी जरा घट्टाच्या बाजूला दे, मग सोडव," खुर्चीतून आवाज आला.

"मला कळतं."

"कळतं तर…"

"भाऊ, मला जरा सुईत दोरा ओवून देता का?" मी म्हटलं. डाव्या हाताने सुईत दोरा ओवायचा म्हणजे माणूस बराच वेळ गप्प राहतो.

वहिनीने गुपचूप बोल्ट आधी घट्टाच्या बाजूला जरासा दिला आणि मग सोडवला. कट्ट करून सुटला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. इतकी वर्षं ही मजा नवऱ्याने एकट्याने घेतली, असा थोडा रागही त्यात होता. मग मात्र हात चालू लागला. झाकण, स्प्रिंग, रबर, दांडी आणि शेवटी ते काळंकुट्ट पातं. एकेक भाग निघाला तसा तिने फडक्यावर डावीकडून उजवीकडे मांडला, कुठे चूक नाही. मिस्त्री दोरा ओवायचा सोडून मान लांब करून बघत होते आणि त्यांना बोट ठेवायला जागा सापडत नव्हती.

तिने पातं घासायला घेतलं ते असं घासलं की दोन्ही बाजूंनी आरसा झाला. पुसलं, फडक्यावर होतं तसं ठेवलं. मग स्टूल ओढलं आणि उजव्या टोकापासून बांधायला सुरुवात केली. हे तिचं रोजचं काम. हात भराभर चालले, बोल्ट आडवे-तिरपे आळीपाळीने घट्ट झाले, फडकं रिकामं झालं.

त्या गॅरेजचा एक नियम आहे. बांधून झालं की लगेच किक मारायची नाही. आधी प्लग काढायचा, किकचा दांडा हाताने हळूहळू दाबायचा आणि कान देऊन ऐकायचं. वहिनीने दांडा दाबला. अर्ध्यावर आवाज आला, टक.

अगदी बारीक आवाज. पण मिस्त्री खुर्चीतून उठले आणि वहिनीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पिस्टन पात्याला लागत होता.

"पॅकिंग पातळ पडलं असेल," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज आता टोमण्याचा नव्हता.

वहिनीने सगळं परत खोललं, मांडलं, पॅकिंग बदललं, परत बांधलं. दांडा दाबला. टक.

मधे सगळं फडक्यावर होतं तेव्हाच मिस्त्रींनी स्वतः वाकून बघितलं होतं. क्रम तपासला होता, दांडी वाकली आहे का ते पाहिलं होतं, स्प्रिंग दाबून पाहिली होती. कशात काही खोट नाही.  वहिनीने पाना खाली ठेवला नव्हता.

"राहू दे," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले. "तुझी चूक नाही. खोलताना कुठेतरी काहीतरी हलतं, ते हाताला कळावं लागतं. त्याला वर्षं जातात. बेकरीवाल्याला मी सांगतो समजावून."

"अजून एकदा," वहिनी म्हणाली.

"अगं, किती वेळा…"

"अजून एकदा."

तिने परत खोललं. या वेळी मी अस्तर खाली ठेवलं आणि नुसती तिच्या हातांकडे बघत बसले. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण आयुष्यभर मी एकच गोष्ट सांभाळत आले आहे, ती म्हणजे कापडाची सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली. झाकण निघालं, तसंच्या तसं फडक्यावर गेलं. दांडी तशीच. पातं तसंच, वरची बाजू वर. मग बांधायला घेतलं. वहिनीने पातं उचललं, आणि उचलता उचलता बोटांतल्या बोटांत अलगद पालथं केलं.

मी तिथेच थबकले. कारण हे पालथं करणं मी हजारदा पाहिलं होतं. फक्त नेहमी त्याच्याआधी आणखी एक पालथं करणं असायचं, ते आज नव्हतं. मिस्त्री खोलायचे तेव्हा तेही प्रत्येक भाग फडक्यावर ठेवताना पालथा ठेवायचे, वहीचं पान उलटावं तसा. त्यांनी पालथं ठेवायचं, वहिनीने उचलताना उलटायचं, की भाग पुन्हा सुलटा. आज मिस्त्री खोलत नव्हते. तिने ठेवलं सुलटं, आणि सवयीने हाताने केलं पालथं.

मला सगळं एका क्षणात दिसलं. त्याच क्षणी कापायचं टेबलही दिसलं, भिंतीला लावलेलं, त्याच्यावर खिडकीतला उजेड पडलेला. मी नुसती गप्प बसले असते तरी पुरे होतं. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. पण वहिनीने खालचा ओठ दातांत धरला होता.

"वहिनी, थांब."

"आता काय, ताई?"

"ते पातं पालथं झालं."

"कुठे पालथं? जसं होतं तसं उचललंय."

"उचललंस तसंच, पण हातात उलटलंस."

"छे," मिस्त्री म्हणाले. "इतक्या वर्षांत तिने साधा वॉशर उलटा घातलेला नाही. बाकी काही म्हणा."

"इतकी वर्षं तुम्ही खोलत होतात, भाऊ. तुम्ही पालथं ठेवता."

"मी? मी कशाला पालथं ठेवीन? वेडबिड लागलंय का मला?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी माझा बटणांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. "झाकण काढा आणि फडक्यावर ठेवा."

मिस्त्रींनी डाव्या हाताने झाकण काढलं आणि फडक्यावर ठेवलं. पालथं. आपण काय केलं ते बघून ते तसेच वाकलेले राहिले. मी म्हटलं, "वहिनी, आता तू ते डब्याला लाव." वहिनीने झाकण उचललं, उलटलं आणि लावलं. मग तिने आपल्या हाताकडे असं पाहिलं, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा होता.

खात्री करायला आम्ही आणखी काय काय करून पाहिलं. चहाचा कप, पक्कड, माझा चष्म्याचा डबा. मिस्त्री पालथं घालत होते आणि वहिनी उलटत होती. नंतर दोघांना हसू आवरेना आणि लगेच भांडणही सुरू झालं.

"तुम्ही पालथं ठेवता म्हणून मला उलटायची सवय लागली."

"तू उलटतेस म्हणून मी पालथं ठेवतो. माझा मूळ हात सरळ होता."

"तुमचा मूळ हात मला ठाऊक आहे. डबाभर बोल्ट उरायचे त्यातून."

स्प्रिंग, वॉशर, रबर कसंही बसलं तरी बिघडत नव्हतं. अडलं ते एका पात्याशी. एरवी त्याच्या खालच्या बाजूला काजळी जास्त असते आणि त्यावरून कुणालाही कळलं असतं. पण वहिनीने ते घासून दोन्हीकडून सारखं चकचकीत करून ठेवलं होतं. आणि मिस्त्रींनी सगळं तपासलं, पण बायकोच्या हातून काही उलटं बसेल अशी शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. मला वाटतं, यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी तिचं जन्मात केलं नसेल.

वहिनी परत बसवायला बसली. आता उलटायचं नाही, असं स्वतःला बजावून तिने पातं उचललं, आणि बोटं पालथं करून मोकळी झाली. परत ठेवलं, परत उचललं, परत तेच. तिसऱ्यांदा तर तिने डोळे वटारून हाताला दम दिला. उपयोग शून्य.

"सोपं आहे," मिस्त्री म्हणाले. "चार दिवस लक्ष ठेवून काम कर, सवय मोडेल. मग तूच खोल, तूच बांध." हे म्हणताना ते हसत होते, पण हसू ओठांवरच होतं. "मग माझी काही गरजच नाही म्हणा."

वहिनीने पातं फडक्यावर ठेवलं आणि चष्मा काढला.

"मला नाही मोडायची ही सवय," ती म्हणाली. "हात मोडला तेव्हापासून तुमचं एकच चाललंय, बंद करू, बंद करू. पाना पिळायला मी आहे. तुमचा डावा हात धड आहे ना? मी एकेक काढून तुमच्या हातात देईन, तुम्ही ठेवा फडक्यावर, जसं ठेवता तसं. मला एकटीने नाही करायचं हे काम. एकटीने करायचं असतं तर गॅरेजमध्ये कशाला आले असते? शिवण नसतं का शिकले?"

"मी काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

 मिस्त्री खुर्ची ओढून बाकाशी आले आणि डाव्या हाताची बाही वर केली. वहिनीने फडकं रिकामं केलं आणि पहिल्यापासून एकेक भाग, सुलट बाजू मला विचारून, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फडक्यावर ठेवला, पालथा. सगळी रांग लागल्यावर ती स्टुलावर बसली आणि उजव्या टोकापासून उचलायला लागली, न बघता, न थांबता, नेहमीसारखी. शेवटचा बोल्ट घट्ट झाला. तिने किकचा दांडा हाताने दाबला. अर्ध्यावर आला, पुढे गेला, खालपर्यंत गेला. काही आवाज नाही. परत एकदा दाबला. काही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

प्लग लागला, सायलेन्सर चढला, तोवर बेकरीवाला येऊन ठेपला. वहिनी किक मारायला गेली तर मिस्त्री म्हणाले, "सर बाजूला. हात मोडलाय, पाय नाही." दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर गॅरेजभर पसरला आणि कोटाच्या अस्तराला वास लागला तो लागलाच. मिस्त्रींनी वहिनीला खूण केली, तिने ॲक्सिलरेटर पिळला, आणि एका ठिकाणी गाडीचा आवाज एकदम मोकळा झाला. आतलं पातं सरकलं आणि खिडकी उघडली ती अशी ऐकू येते, हे मला त्या दिवशी कळलं. बेकरीवाला तिथल्या तिथे नाचला. त्या पोटासकट नाचला, ही काही सोपी गोष्ट नाही.

तो गेल्यावर मी माझा पसारा गोळा करून दुकानात आले. थोड्या वेळाने मिस्त्री दारात. 

"ताई, ते गाळ्याचं…"

"कळलं मला."

"शब्द दिला होता तुम्हाला. तुम्ही बोलला नसतात तर आज गाळा तुमचा होता."

"तेवढा हिशोब मलाही येतो, भाऊ."

"मग बोललात कशाला?"

मी कोटाचं अस्तर उचललं. मला काहीतरी खोचक बोलायचं होतं, पण सुचेना. म्हणून जे होतं तेच सांगितलं. "हे मधले दिवस तुम्ही दोघं त्या बाकासमोर नुसते बसलेले असायचात. ते मी रोज बघत होते. उद्या त्या जागी टेबल टाकून मी कापायला उभी राहिले असते, तर माझ्या हाताने एक कापड सरळ कापलं गेलं नसतं."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि मला त्याचा राग आला. तेवढ्यात पलीकडून वहिनीचा आवाज आला.

"अहो, कुठे गेलात? एका स्कूटरचं इंजिन खोलायला घेतलंय. हातात बोल्ट घेऊन उभी आहे मी."

"आलो," म्हणत मिस्त्री वळले, आणि डावा हात आधीच पुढे करून पळत गेले.